शेजारच्या दुकानातली गर्दी

एका गावच्या बाजारपेठेत भिंतीला भिंत लागलेली दोन दुकानं होती. एक भांड्यांचं आणि एक किराण्याचं. भांड्यांचं दुकान त्रिंबकशेटचं, किराण्याचं अनसूयाबाईंचं.

त्रिंबकशेटचं दुकान आजोबांच्या वेळेपासूनचं. पितळेचे हंडे, तांब्याच्या कळशा, स्टीलचे डबे, लोखंडी तवे, सगळं घासूनपुसून लखलखीत. माणूस कष्टाळू होता. सकाळी पेठेत सगळ्यांच्या आधी त्याच्या दुकानाची फळी निघायची. माल चोख, बोलणं सरळ. गावात त्याच्याविषयी कुणी वावगं बोलत नसे. पण त्याच्या जिवाला एक टोचणी होती. शेजारच्या दुकानात गर्दी असायची.

अनसूयाबाईंचे यजमान त्रिंबकशेटचे बालमित्र. सहा वर्षांपूर्वी ते अचानक गेले, तेव्हा पेठेतल्या सगळ्यांना वाटलं, हे दुकान आता बंद पडणार. त्रिंबकशेटला मित्राचं दुःख झालं, अगदी मनापासून झालं. पण त्याच्या मनाच्या एका कोपऱ्यात असंही येऊन गेलं की ही जागा आपल्याला मिळाली तर मधली भिंत पाडता येईल. मग महिना व्हायच्या आत अनसूयाबाईंनी पदर खोचला, यजमानांचा तराजू हातात घेतला आणि दुकान उघडलं. आणि ते नुसतं चाललं नाही, आधीपेक्षा दुप्पट चाललं.

का चाललं, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. कुणी तूरडाळ मागितली तर त्या म्हणायच्या, "ही नको नेऊस गं, शिजत नाही लवकर. सोमवारी नवी येतेय, तेव्हा ने." एखाद्या आजोबांनी साखर मागितली तर विचारायच्या, "डॉक्टरांनी काय सांगितलंय? अर्धीच देते." कुणाला चिमूटभर हिंग हवा असेल तर तेवढाच पुडीत बांधून मिळायचा. शेतावर जाणाऱ्या बायका घराची किल्ली त्यांच्याकडे ठेवून जायच्या. गल्ल्याच्या वर खिळ्यांची एक रांगच होती, प्रत्येक किल्लीला वेगळ्या रंगाचा दोरा.

त्रिंबकशेटला यातलं काही दिसत नव्हतं असं नाही. दिसत होतं, म्हणूनच सोसवत नव्हतं. पाठ करून बसला तरी शेजारच्या तराजूचं पारडं वाजलं की त्याला कळायचं, आलं आणखी एक गिऱ्हाईक. त्याच्याच हंड्यांच्या फुगीर पोटांत शेजारची गर्दी दिसायची. तो हंडा फिरवून ठेवायचा, तर ती परातीत दिसायची. त्यात भर म्हणजे, नंबर लागेपर्यंत बायका त्याच्याच पायरीवर टेकायच्या, पिशव्या मांडायच्या, गप्पा मारायच्या.

"ही काय धर्मशाळा आहे का?" तो एकदा ओरडला.

बायका हसत हसत उठल्या आणि थोड्या वेळाने पुन्हा बसल्या.

जेवताना तो बायकोला, कावेरीला, म्हणायचा, "आपलं सामान तिच्याकडून आणत जाऊ नकोस."

"का हो? वहिनींचं काय चुकलं?"

"चुकलं नाही काही. पण आणू नकोस."

कावेरी मान डोलवायची आणि हिंग-मोहरी तिथूनच आणायची. ती परत येताना तिच्या चेहऱ्यावर हसू असायचं, तेवढंही त्रिंबकशेटला खुपायचं.

अशात एके वर्षी गावाबाहेर हमरस्त्यावर एक भलंमोठं दुकान उभं राहिलं. आत गारेगार हवा, चकचकीत फरशी, सामान ढकलत न्यायच्या गाड्या. साखरेपासून सायकलीपर्यंत सगळं एका छपराखाली, आणि पेठेपेक्षा स्वस्त. गावात दुसरी बोलणीच उरली नाहीत. पण ते दुकान होतं चार मैलांवर. ज्यांच्याकडे गाडी होती ते जाऊन आले. बाकीचे नुसते ऐकून राहिले.

मग बातमी आली की मोठं दुकान गिऱ्हाइकांसाठी फुकट बस सोडणार आहे आणि त्यांना पेठेत बस उभी करायला जागा हवी आहे.

पेठेतले दुकानदार दाजीसाहेबांच्या कापडाच्या दुकानात जमले. दाजीसाहेब सगळ्यांत वडीलधारे. ते म्हणाले, "कुणी कुठून काय घ्यावं, हे आपण सांगू शकत नाही. स्वस्त मिळालं तर लोक जाणारच, आणि त्यात त्यांची चूकही नाही. पण आपल्याच अंगणातून माणसं भरून न्यायला आपण जागा द्यायची का, एवढं आपल्या हातात आहे. काय म्हणता?"

"नाही द्यायची," सगळे म्हणाले. एकेकाने उठून शब्द दिला. अनसूयाबाईंनी दिला. त्यांच्यामागून त्रिंबकशेटनेही दिला.

पेठेत बस मावेल एवढी मोकळी जागा खरं तर एकच होती, आणि ती त्रिंबकशेटची होती. दुकानाला लागून त्याच्या वडिलांचा भांडी घडवायचा कारखाना होता. त्याचं छप्पर कधीच कोसळलं होतं. आता तिथे नुसतं सपाट अंगण होतं.

दोन दिवसांनी दुपारच्या वेळी मोठ्या दुकानाचा साहेब त्रिंबकशेटकडे आला. गोरा, हसरा, इस्त्रीच्या कपड्यातला माणूस. त्याने स्टुलावर बसून जागेकडे एक नजर टाकली आणि म्हणाला, "शेटजी, आम्हाला एवढीच जागा हवी. भाडं तुम्ही म्हणाल ते."

"आम्ही पेठेतल्या लोकांनी ठरवलंय," त्रिंबकशेट म्हणाला. "जागा द्यायची नाही."

"तुमची मर्जी," साहेब म्हणाला. तो उठायला लागला. तेवढ्यात शेजारून हशा आला. अनसूयाबाईंनी काहीतरी गंमत केली होती आणि दहा-बारा बायका खळखळून हसत होत्या. त्रिंबकशेटच्या दुकानात सकाळपासून एक माणूस चढला नव्हता. तो हशा ऐकताच त्याने हाताने साहेबाला थांबवलं.

"बस आली तर ही गर्दी जाईल?" त्याने हळूच विचारलं.

साहेबाने शेजारी डोकावून पाहिलं. "महिन्याभरात," तो म्हणाला.

"मग जागा घ्या."

"भाडं किती लावायचं?"

"भाडं नको. बस रोज आली पाहिजे, एवढंच."

साहेबाने आयुष्यात पुष्कळ सौदे केले होते, पण असा माणूस त्याने पाहिला नव्हता. तो क्षणभर त्रिंबकशेटच्या तोंडाकडे बघतच राहिला. मग त्याने घाईघाईने कागद पुढे केला.

पेठेत बस येऊन उभी राहिली तसे दुकानदार धावत आले. त्रिंबकशेटने आधीच उत्तर जुळवून ठेवलं होतं. "जागा थोरल्या भावाच्या नावावर आहे. तो शहरात असतो. त्याने मला न विचारता परस्पर दिली. मी काय करू?"

दाजीसाहेब मान हलवत निघून गेले. कुणी शंका घेतली नाही, कारण त्रिंबकशेट खोटं बोलणाऱ्यातला नव्हता. सगळे पांगल्यावर अनसूयाबाई पुढे आल्या आणि म्हणाल्या, "भावजी, मनाला लावून घेऊ नका. भावाने केलं, त्यात तुमचा काय दोष?"

त्रिंबकशेटने मान खाली घातली. क्षणभर त्याला वाटलं, सांगून टाकावं. पण बाईंच्या दुकानासमोर तेव्हाही पाच जणी उभ्या होत्या. तो आपल्या दुकानात चढला.

बस रोज सकाळी दहाला यायची. पहिल्या आठवड्यात लोक गंमत म्हणून गेले. दुसऱ्या आठवड्यात पिशव्या घेऊन गेले. तिसऱ्या आठवड्यात बसमध्ये बसायला जागा मिळेना. शाळेतल्या एक बाई अनसूयाबाईंना म्हणाल्या, "काय करू हो? तिथे तेल स्वस्त पडतं. आमचं पगारावर चालणारं घर." त्यावर अनसूयाबाई म्हणाल्या, "जा की. त्यात वाईट काय वाटून घ्यायचं?" आणि शेंगदाणे पाखडत बसल्या.

त्रिंबकशेटचे ते दिवस सोन्याचे गेले. तो हंडे मुद्दाम शेजारच्या बाजूला फिरवून ठेवायचा. त्यात पूर्वी पंधरा माणसं दिसायची, आता सात दिसत. मग चार. एक दिवस एकट्या अनसूयाबाईच दिसल्या, गालाला हात लावून बसलेल्या. त्या दिवशी तो दोन घास जास्त जेवला.

"आज काय झालं एवढं?" कावेरीने विचारलं.

"कुठे काय?"

"मग हसताय कशाला?"

आपण हसत होतो हे त्रिंबकशेटला तिने सांगितल्यावर कळलं.

त्याने कावेरीलाही एकदा बसने मोठं दुकान दाखवून आणलं. ती तिथल्या थंडगार हवेत सगळीकडे फिरली, साबण घेतला, साखर घेतली. परत येताना खिडकीबाहेर बघत म्हणाली, "सगळं छान आहे. पण तासभर फिरले, कुणी एका शब्दाने बोललं नाही."

"बोलायला जायचं असतं का तिथे?" त्रिंबकशेट म्हणाला.

दिवाळी आली. धनत्रयोदशीला नवं भांडं घ्यायची गावाची रीत. वर्षातला हाच दिवस त्रिंबकशेटचा. त्याने नवा माल भरला, दारावर झेंडूचं तोरण लावलं, कोरा सदरा घातला आणि गल्ल्यावर जाऊन बसला. दहाची बस भरून गेली. त्याने मनाशी म्हटलं, लोक सामान घेऊन परततील आणि मग भांड्याला येतील.

दुपारी बस परतली. एकेक बाई उतरायला लागली आणि प्रत्येकीच्या हातात सामानाच्या पिशवीबरोबर एक नवा कोरा स्टीलचा डबा होता. दिवाळीच्या सामानावर मोठ्या दुकानाने डबा फुकट दिला होता. बायका डबे मिरवत, झाकणं वाजवत त्रिंबकशेटच्या तोरणाखालून निघून गेल्या. त्याच्या दुकानात त्या दिवशी दोन वाट्या आणि एक चमचा खपला.

त्याने स्वतःची समजूत घातली. एवढं एक वर्ष असं गेलं. पुढच्या वर्षी येतील.

दिवाळीनंतर पंधरा दिवसांनी अनसूयाबाईंनी दुकान बंद केलं. बंद करायच्या दिवशी त्यांनी खिळ्यांवरच्या किल्ल्या काढल्या आणि घरोघरी जाऊन ज्याच्या त्याला परत दिल्या. मग त्या त्रिंबकशेटच्या दुकानात आल्या.

"भावजी, निघाले."

"कुठे?" त्याने विचारलं. त्याचा आवाज त्यालाच परका वाटला.

"आता आठवडी बाजार करीन म्हणते. सोमवारी एका गावाला, गुरुवारी दुसऱ्या, शनिवारी तिसऱ्या. उघड्यावर बसायचं, माल न्यायचा, आणायचा. जमेल तोवर करायचं." त्या थोडं हसल्या. "तुमचा शेजार चांगला होता हो. ह्यांच्यामागे मला कधी एकटं वाटलं नाही इथे."

 त्रिंबकशेटने हाताला लागला तो पितळेचा डबा त्यांच्यापुढे केला. "हा राहू द्या. हिंगाला होईल."

बाईंनी डबा घेतला, कपाळाला लावला आणि निघून गेल्या. शेजारच्या दाराला कुलूप लागलं.

त्याने इतके दिवस ज्याची वाट पाहिली होती ते झालं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी तो आनंदाने फळी काढायला गेला. हंडे पुसले. हंड्यांत रिकामा रस्ता दिसत होता. तराजू वाजत नव्हता. पायरीवर कुणी बसलेलं नव्हतं. तो दिवसभर कान देऊन बसला होता, कशासाठी ते त्याचं त्यालाच कळत नव्हतं. हेवा करायलाही कुणी उरलं नव्हतं.

असे दोन महिने गेले. त्याच्या दुकानात कुणी चढेना. पेठेतली पिठाची गिरणी दुपारची बंद राहू लागली. पत्रावळ्या विकणाऱ्या म्हातारीने यायचं सोडलं.

एके दिवशी लांबच्या वस्तीवरची एक बाई डोक्यावर टोपली घेऊन आली. शेजारच्या कुलुपाकडे बघून तिने त्रिंबकशेटला विचारलं, "किराण्याच्या बाई कुठं गेल्या हो?"

"त्यांनी दुकान बंद केलं. आता आठवडी बाजार करतात."

"अगं बाई!" ती हळहळली. मग आत डोकावून म्हणाली, "ती परात हाय का अजून? मागल्या खेपेला नंबर लागंस्तवर तुमच्या पायरीवर बसले होते, तवा बघून ठेवली होती."

"आहे ना! देऊ का?" त्रिंबकशेट ताडकन उठला.

"आता कशी घेऊ? सामानाला तर गुरुवारच्या बाजारात जावं लागंल. तिथपर्यंत ही परात कुठं वागवू? तिकडंच बघीन एखादी."

आणि ती निघून गेली.

त्रिंबकशेट परात हातात धरून तसाच उभा राहिला. त्याला एकेक गिऱ्हाईक आठवायला लागलं. गेल्या वर्षी मोठी कढई नेणारी गवळीण, ती किराण्याला आली होती आणि पायरीवर बसल्या बसल्या तिची नजर कढईवर गेली होती. लेकीच्या लग्नाची भांडी घेणारे जोशी, तेही शेजारी गूळ घ्यायला आले होते. ज्यांना तो हाकलत होता, तीच माणसं त्याच्या दुकानात चढत होती. नुसत्या भांड्यांसाठी पेठेत कोण रोज येतं? माणसं शेजारी येत होती, म्हणून त्याच्याकडे येत होती. आणि त्याने ती बसमध्ये भरून पाठवली होती.

त्याच आठवड्यात मोठ्या दुकानाचा साहेब पुन्हा आला.

"शेटजी, उद्यापासून बस बंद," तो म्हणाला. "आता गरज नाही. लोकांना सवय लागली. फोनवर मागवतात आणि आम्ही घरपोच पाठवतो. तुमची जागा तुम्हाला परत."

"आणि आम्ही?" त्रिंबकशेटच्या तोंडून निघून गेलं.

साहेबाला प्रश्न कळला नाही. तो हसून नमस्कार करून गेला. दुसऱ्या दिवशी एक लहानशी गाडी पेठेतून गेली आणि दाजीसाहेबांच्या घरासमोर थांबली. खोका उतरवला तो प्रेशर कुकरचा होता.

त्रिंबकशेटने गुरुवारी दुकान उघडलंच नाही. तो चालत शेजारगावच्या बाजाराला गेला. अनसूयाबाईंना शोधावं लागलं नाही. बाजाराच्या टोकाला चार बांबूंवर ताडपत्री टाकून त्या बसल्या होत्या आणि त्यांच्याभोवती ही गर्दी! बायका, म्हातारे, वाकून मागणारे, हसणारे. ते बघताच त्रिंबकशेटच्या मनात तोच जुना हेवा जागा झाला. इथेसुद्धा! उघड्यावर, धुळीत बसली तरी हिच्याभोवती माणसं! तो पाठ फिरवून चार पावलं चाललाही.

तेवढ्यात वाऱ्याचा झोत आला. ताडपत्री फडफडली, एक बांबू कलला आणि बाईंच्या पोत्यांवर येऊ लागला. त्रिंबकशेट धावला. त्याने बांबू दोन्ही हातांनी धरला.

"भावजी! तुम्ही?"

"तुमचं चालू द्या," तो म्हणाला. "मी धरतो."

वारा थांबेना. तो तासभर बांबू धरून उभा राहिला. इतक्या जवळून त्याने बाईंचं काम कधी पाहिलं नव्हतं. ऊन त्यांच्या तोंडावर येत होतं. आवाज बसला होता. प्रत्येक वेळी उठताना त्या गुडघ्यावर हात दाबत होत्या आणि तरी समोरच्या माणसाला नाव घेऊन हाक मारत होत्या. गर्दी फुकटात जमत नव्हती. ती एकेक माणूस करून जमवलेली होती. जी गोष्ट त्याला इतकी वर्षं नशीब वाटत होती, ती मेहनत होती.

गिऱ्हाइकं ओसरल्यावर बाईंनी त्याला पाणी दिलं. तो ते प्यायला नाही. तो म्हणाला, "वहिनी, जागा भावाने दिली नव्हती. मी दिली होती."

अनसूयाबाईंच्या हातातलं माप खाली आलं.

"का?"

"तुमच्या दुकानात गर्दी असायची म्हणून."

"एवढ्यासाठी?"

"एवढ्यासाठी."

 अनसूयाबाईंचे डोळे भरून आले, पण आवाज कडक होता. "मोठ्या दुकानाचा मला कधी राग आला नाही, भावजी. ते स्वस्त विकतं, लोक घेतात. त्याच्याशी मी झगडले असते, हरले असते तरी वाईट वाटलं नसतं. पण तुम्ही? मी तुम्हाला ह्यांच्या सख्ख्या भावासारखं मानत होते. हे गुडघे घेऊन मी दर बाजाराला पोती ओढते ती तुमच्यामुळे?"

त्रिंबकशेटने हात जोडले. "तुम्ही सांगाल ती शिक्षा..."

"मला काय सांगता? शब्द मला एकटीला दिला नव्हता. ज्यांच्यासमोर दिला, त्यांच्यासमोर जाऊन सांगा." आणि त्यांनी तोंड फिरवून पोती बांधायला घेतली.

त्याने मदतीला हात पुढे केला. त्यांनी तो बाजूला सारला.

दुसऱ्या दिवशी दाजीसाहेबांच्या दुकानात पेठ जमली आणि त्रिंबकशेटने सगळ्यांच्या देखत सगळं सांगितलं. भावाचं नाव खोटं घेतलं तेही सांगितलं, भाडं घेतलं नाही तेही सांगितलं. ते ऐकून तर लोक जास्तच चकित झाले. गिरणीवाला म्हणाला, "अरे, पैशांसाठी विकला असतास तर समजलो असतो. हे तू फुकट केलंस?" कुणी शिवी दिली नाही. सगळे उठून गेले, आणि पुढे कितीतरी दिवस पेठेतलं कुणी त्याच्याशी बोललं नाही. कावेरीसुद्धा जेवण वाढून आत निघून जायची.

त्याने एक केलं. वडिलांच्या कारखान्याची ती जागा झाडूनपुसून साफ केली, वर पत्रे टाकले आणि कोपऱ्यात पाण्याचा रांजण ठेवला. मग रस्त्यावर उन्हात बसणाऱ्या भाजीवाल्या, फुलवाल्या, यायचं सोडलेली पत्रावळीवाली म्हातारी, सगळ्यांना जाऊन म्हणाला, "इथे सावलीत बसा. मला काही नको." आधी कुणी विश्वास ठेवला नाही. मग एक आली, तिच्या मागून दुसरी. सकाळी दोन तास तिथे माणसं दिसू लागली. गिरणी पुन्हा दुपारची सुरू झाली.

उन्हाळा लागला तेव्हा दाजीसाहेब स्वतः अनसूयाबाईंकडे गेले आणि म्हणाले, "पेठेत माणसं परत येतायत. तुम्ही पण या." बाईंनी दोन दिवस मागून घेतले. तिसऱ्या दिवशी कुलूप उघडलं.

सगळं पूर्वीसारखं झालं, असं नाही. तेल आणि साखर अजूनही पुष्कळ जण फोनवरून मागवत. पण चिमूटभर हिंग कुणी घरपोच देत नव्हतं आणि डाळ शिजायला हट्टी आहे हे खोका सांगत नव्हता. त्या शाळेतल्या बाई बसच्या दिवसांनंतर पहिल्यांदा आल्या तेव्हा ओशाळून म्हणाल्या, "तेल तिकडून घेते, पण बाकी सगळं तुमच्याकडून." अनसूयाबाई म्हणाल्या, "चालेल की."

त्रिंबकशेटशी त्या पहिल्यांदा बोलल्या त्याला आणखी महिना लागला. एक ट्रक तांदळाची पोती टाकून गेला होता आणि त्या कमरेवर हात ठेवून पोत्यांकडे बघत होत्या.

त्रिंबकशेट आपल्या दुकानातून उतरून आला. "वहिनी, आत कुठे ठेवू?"

त्यांनी त्याच्याकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "डावीकडे. ओल लागेल अशी नका ठेवू, फळ्यांवर ठेवा."

त्याने एकट्याने सगळी पोती आत नेली.

त्याचा हेवा गेला का? कावेरीने एकदा त्याला हेच विचारलं होतं. तो खरं बोलला. "नाही. अजून मधूनच पोटात कळ येते."

"मग काय करता?"

"उठतो आणि शेजारी जातो. तिथे उचलायला काहीतरी असतंच."

तात्पर्य एवढंच, मुलांनो आणि मोठ्यांनो: शेजाऱ्याच्या दारातली माणसं हाकलणाऱ्याच्या स्वतःच्या दारातही मग कुणी येत नाही. पेठ जगते ती एकमेकांच्या गिऱ्हाइकांवर, आणि हेवा वाटेल त्या दिवशी ज्याचा हेवा वाटतो त्याच्याच कामाला हात लावावा.